बारा पिना, सात पिना

एप्रिलच्या अखेरीस दत्तू आंबी जोंगा घेऊन आला,
उद्यमनगरात, माझ्या शेडसमोर.
चावी काढली तरी इंजिन थरथरत राहिलं,
पेन्शनीतला माणूस पहाटे चारला उगाच उठून बसतो तसं.

खडकीच्या लिलावातली गाडी.
हिरवा रंग, त्यावर हिरवा, त्यावर आणखी हिरवा.
"मागं होडी जोडायची हाय," दत्तू म्हणाला,
"फायबरची. गावानं वर्गणी काढून घेतलीया.
ट्रॉलीचा दांडा ह्या तोंडात बसंना."

तोंड म्हणजे मागचा हूक.
म्हशीच्या जबड्याएवढा, वर खटका, साखळीला लोंबणारी पिन.
तोफ ओढली असेल, नाहीतर पाण्याचा टँकर,
नाहीतर नुसतेच कांदे-बटाटे.
आतून एकाच अंगाला झिजलेला,
एकाच बाजूनं चावणाऱ्याच्या दाढेसारखा.

चार बोल्ट.
पहिला रात्रभर डिझेल पिऊन सुटला.
दुसरा पान्याला लोंबकळल्यावर.
तिसऱ्याला इलाहीनं गॅसची ज्योत दाखवली,
लालभडक झाल्यावर म्हणाला, "आता आला बघ वळणावर."
चौथा तुटला.
मी त्याच्या सात पिढ्या काढल्या.
मग तुकडा हातात घेऊन पुसला, तर
आट्यांवर पंचचे तीन ठिपके,
नट कधी ढिला पडू नये म्हणून कुणीतरी मारलेले.
कुठल्या वर्कशॉपात, कुठल्या थंडीत, काय माहीत.
मिस्त्री, तुझं काम चोख होतं.
त्यापायी माझा अर्धा दिवस गेला.

दुपारी सॉकेट उघडलं.
स्प्रिंगचं झाकण, आत बारा पिना,
मागं सगळ्या वायरी काळ्या.
लाल नाही, पिवळी नाही. प्रत्येकीच्या गळ्यात
पत्र्याचं कडं, कड्यावर नंबर.
ट्रॉलीच्या प्लगाला पिना सात, वायरी रंगीत.
मी जमिनीवर बसून टेस्ट लॅम्पनं एकेकीला विचारत गेलो:
तू ब्रेकची का? तू डाव्या हाताची?
पाच जणी काहीच बोलल्या नाहीत.
त्यांना टेप गुंडाळून आत सारलं.

आणि एवढं करून पहिलाच बल्ब फुटला.
फट्!
इलाही हसून हसून बसला खाली.
मिलिटरीचे चोवीस व्होल्ट, होडीवाल्यांचे बारा,
हे मी, वीस वर्षांचा वायरमन, विसरलो होतो.
पोराला ट्रकच्या दुकानात पिटाळलं.

तोवर चहा. दत्तू म्हणाला,
"आजा नावेवर होता आमचा. पूल झाला, नाव चुलीत गेली.
त्या साली पाणी माळ्याला टेकलं
तवा होडी दुसऱ्या जिल्ह्यातनं आली, दोन दिसांनी.
आडनाव आंबी, आन् दारात होडी न्हाई.
लोकं काय बोलली न्हाईत. पर बघत हुती."
बशीतला चहा त्यानं फुंकला, प्यायलाच नाही.

संध्याकाळी नवा हूक बसला. सातही दिवे लागले.
डॅशबोर्डवरचा जुना खटका शेवटच्या खाचेत फिरवला,
तर सगळे दिवे गेले.
"आता काय झालं?"
मी मागं जाऊन वाकलो.
चासीच्या पोटात एकच बारका दिवा,
आणि त्याच्यासमोर पांढरा रंगवलेला डिफरन्शियलचा गोळा.
बाकी गाडी अंधारात.
मागच्या ड्रायव्हरला तेवढाच दिसायचा,
वरून कुणालाच नाही.

"काढून टाकू?" मी विचारलं.
दत्तू रस्त्यावर उकिडवा बसून बघत होता.
शाहू मिलकडून एक ट्रॅक्टर येऊन हॉर्न देत थांबला.
"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आमच्या गावात लाईट तशीबी जाती."

मजुरी दोन हजार आठशे, त्यातले तीनशे बाकी.
जुना हूक इथंच आहे,
शेडच्या दाराला अडण म्हणून लावलाय.
वारा सुटला तरी हलत नाही.